कोतवालाच्या वाट्याचा बहार

सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणाऱ्या रस्त्यावर परवा संत्र्यांची पहिली हातगाडी लागली. पिशवी घेऊन मी गेले, तर गाडीवाला म्हणाला, "आजी, अंबिया बहाराचा माल हाय. आंबट निघाला तर वापस आणजा." वापस न्यायची वेळ आमच्या घरी येत नाही. संत्रं कसंही निघो, त्याचा मान ठेवायची आमच्याकडे रीत आहे.

हे व्हरांड्यात उन्हाला बसले होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, कपबशी धरताना बशीतून टकटक आवाज येतो. मी एक संत्रं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी साल काढलं, मग शिरा काढल्या, मग एकेक फोड अशी सुटी केली की वरचा पापुद्रा फाटू नये. यंदा दोन फोडी फुटल्या. त्याचा दोष त्यांनी संत्र्याला दिला. पहिली फोड मला, दुसरी त्यांना, आणि तिसरी खुर्चीच्या डाव्या बाजूला खाली धरली. तिथे कोणी नव्हतं. चाळीस वर्षांत तिथे कोणी नाही. थोडा वेळ तशीच धरून मग ती त्यांनी स्वतःच खाल्ली, आणि मी रस्त्याकडे पाहत असल्याचं दाखवलं.

आमचे हे गुरांचे डॉक्टर. कुहीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि नोकरीही त्याच भागातल्या गुरांच्या दवाखान्यात. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परत, आणि अंगाला शेणाचा आणि फिनेलचा मिळून एक वास. मी शहरातल्या महाल वस्तीतली. आमच्या घरात सगळे कचेरीत जाणारे, पांढऱ्या शर्टाचे. एक बहीण वकिलाकडे दिलेली, दुसरी बँकेतल्या साहेबाकडे. माझ्या वेळी 'डॉक्टर स्थळ आहे' एवढंच मी मैत्रिणींना सांगितलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलला.

फाटकावरची पाटीसुद्धा मीच करून घेतली होती. यांचं नाव आणि खाली 'डॉक्टर'. पेंटरनं विचारलं, "कशाचे?" मी म्हटलं, "एवढंच लिहा." त्याचे भोग यांनाच भोगावे लागले. खोकणारी लेकरं कडेवर घेऊन बाया फाटकात उभ्या राहायच्या. हे बाहेर येऊन लेकराला नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "याले चार पाय असते तर पाहिलं असतं, बाई. तुम्ही चौकातल्या डॉक्टरकडे जा." मग आत येऊन माझ्याकडे बघून हसायचे. पाटीबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. मला ते न बोलणं जास्त लागायचं.

कोतवाल आमच्याकडे आला तो असाच एका पावसाळ्यात, यांच्या पिशवीतून. कुहीच्या स्टँडवर बसखाली झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू. साधा गावठी, खाकी रंगाचा. मोठा झाल्यावर फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायला लागला, म्हणून हे नाव. पोस्टमनला दारात उभं करून ठेवायचा, पण दूधवाल्याला सोडायचा, कारण दूधवाला झाकणातलं दूध द्यायचा. कोतवालाच्या खात्यात हे असं चालतंच, असं हे म्हणायचे. बारा वर्षं त्यानं चौकी सांभाळली.

आणि मग तो हिवाळा आला, ऐंशी सालानंतरचा, जो मला संत्र्याच्या वासाशिवाय आठवताच येत नाही.

दसऱ्यापासूनच त्याचं पाणी वाढलं होतं. अंगणातल्या घंगाळात तोंड घातलं की काढायचाच नाही. वर व्हरांड्यात जागोजाग ओलं करायचा. इतक्या वर्षांत त्यानं घरात कधी घाण केली नव्हती, त्यामुळे मी चिडले. दुपारी घंगाळ पालथं घालून ठेवायला लागले. पाणी नाही तर ओलंही नाही, असा माझा हिशेब. तो त्या पालथ्या घंगाळाशी बसून राहायचा. त्याचे मागचे पाय लटपटायला लागले होते, त्यावरही माझ्याकडे उपाय तयार होता. माझ्या माहेरी हाडं ठिसूळ झालेल्या प्रत्येकाला चुन्याची निवळी मिळायची. पानाचा चुना पाण्यात कालवायचा, तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं स्वच्छ पाणी दुधातून द्यायचं. आम्ही सगळ्या बहिणी त्यावरच वाढलो. मी कोतवालाला रोज सकाळी न चुकता निवळी द्यायला लागले. तो दूध म्हणून मुकाट्यानं पिऊन टाकायचा आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवायचा.

कधी कधी तो जमिनीला बूड घासत चालायचा. हे संध्याकाळी थकून यायचे, बुटांचे बंद सोडता सोडता एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "जंत झाले असतीन." जंताचं औषध दिलं जायचं. कुहीत गाभण म्हशीचा कान लोंबलेला या माणसाला शेताच्या धुऱ्यावरून दिसायचा. घरचं कुत्रं मात्र घरचंच.

दिवाळीच्या आधी मी त्याला अंघोळ घालत होते. शेपटीखाली साबण लावताना बोटांना सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं. मी हात मागे घेतला आणि पुन्हा लावून पाहिला. यांना हाक मारली. त्यांनी हात धुतले, बोट आत घालून तपासलं, आणि पुन्हा हात धुवायला लागले. कोतवाल मान वळवून त्यांच्याकडे पाहत होता.

"काय आहे? बोला ना."

"कुत्र्याले तिथं दोन्ही अंगाला दोन बारक्या पिशव्या असतात," हे म्हणाले. "वासाच्या. कुत्रे एकमेकाले त्याच्यावरूनच ओळखतात. त्यातली एक बिघडली. आतमधी पाठीच्या कण्याखाली गाठी लागून राहिल्या." मग म्हणाले, "मी जंताचं औषध देत बसलो, वं."

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात मांडीवर शाल टाकून त्यावर कोतवाल, असे आम्ही यांच्या सरांकडे निघालो. जनावरांच्या कॉलेजात ज्यांनी यांना शिकवलं ते सर तेव्हा निवृत्तीला आले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी तपासलं, रक्त काढून घेतलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "खायला काय देता तुम्ही याला?"

मला वाटलं, आता आपली शाबासकी. भाकरी, दूध, वरण सगळं सांगून मी शेवटी म्हटलं, "आणि रोज चुन्याची निवळी. एक दिवस चुकवली नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात समजावून सांगत गेले. ही जी गाठ आहे ती रक्तात असं काही सोडते की त्यामुळे हाडांतलं कॅल्शियम सुटून रक्तात येतं. रक्तात ते आधीच नको तितकं झालंय. म्हणून तहान, म्हणून लघवी, म्हणून पायांत जोर नाही. पाणी हाच त्याचा बचाव आहे. ते मिळालं नाही तर मूत्रपिंडं जातात. मी म्हणजे पूर आलेल्या नदीत घागरी ओतत होते, आणि वर दुपारी त्या बिचाऱ्याचं पाणी तोडत होते. मला तिथे खुर्चीत बसवेना.

"चूक माही हाय, सर," हे एकदम म्हणाले. "तिनं घरचं औषध देलं. डॉक्टर मी होतो."

फाटकावर पाटी लावून घेणारी मी. त्या माणसानं माझी चूक भर खोलीत स्वतःच्या अंगावर ओढून घेतली, आणि तेही असं की जणू बुटाची नाडी बांधतो आहे.

सरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे आजच सुईनं शांत झोपवायचं. दुसरी लांबची. आधी शिरेतून सलाईन देऊन रक्तातलं कॅल्शियम उतरवायचं. ते उतरलं की गाठ कापायची, पोट उघडून आतल्या गाठीही निघतील तेवढ्या काढायच्या, आणि पुढे गोळ्या. "बरा होणार नाही," सर म्हणाले. "पसरलं आहे. पण दिवस मिळतील. चांगले दिवस. अंबिया संपेपर्यंत तर मिळावेत." आणि मग म्हणाले, "माझे डोळे आता साथ देत नाहीत. कापावं तुलाच लागेल."

आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. अंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची होळीच्या सुमारास. सरांनी जे माप दिलं ते पहिल्या बहाराचं होतं.

यांचे हात सगळ्या कुही तालुक्यात ओळखीचे. अडलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढणारे, बैलाच्या नाकातली दोरी एका हाताने धरणारे. त्या हातांना आता कुत्र्याच्या पोटात, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या बोराएवढ्या गाठी सोडवायच्या होत्या. कोतवालाला कॉलेजात सलाईन लागलं होतं, तो आठवडा आमच्या हाती होता. हे संध्याकाळी येताना टोपलीभर संत्री घेऊन आले. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, बारीक चिमटा आणि वाकडी कात्री उकळून घेतली, आणि संत्रं सोलायला बसले. साल काढायचं, फोडीफोडीमधल्या पांढऱ्या शिरा चिमट्यानं उचलायच्या, एकेक फोड वेगळी करायची, आणि पेपरवर रसाचा एक थेंब पडता कामा नये.

पहिल्या दिवशी पेपर भिजून गेला. "बैलाचे हात हायत हे," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग बैलाला सांगा, सावकाश." फुटलेल्या फोडी मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी फुटलेल्या शेजारी वाटल्या. शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "काय वं बाई, संत्र्याची वाडी घेतली का?" पाचव्या दिवशी पेपर कोरडा राहिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, मग मला दाखवला, आणि घडी घालून खिशात ठेवला. शाळेत पहिला आलेल्या पोराचा चेहरा काय असेल तो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट मी माझ्या बहिणींना सांगेन.

रविवारी ऑपरेशन झालं. मी बाहेर थांबायचं ठरलं होतं, पण धरायला माणूस कमी पडला आणि सलाईनची बाटली माझ्या हातात आली. म्हणून मी ते पाहिलं. बाहेरची गाठ निघाली. मग पोट उघडलं. सर बाजूला स्टुलावर बसून, डोळे मिटून, नुसते ऐकत होते आणि विचारत होते. आतली एक गाठ निघाली, दुसरी निघाली. तिसरीपाशी हे थांबले. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पदरानं टिपला.

"निघते का?" सरांनी विचारलं.

"निघेल, सर. पण शिरेले लई चिकटली हाय. ओढली तर कोतवाल उठणार नाही."

"मग?"

"राहू देतो."

जन्मभर ओढून काढण्यासाठी नावाजलेला माणूस तिथे हात मागे घेऊन उभा राहिला. मला अभिमान वाटला. तो सरळ सांगते, कारण तेव्हा सांगितला नाही. हातात बाटली होती, टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

पुढचे महिने माझे. यांची एस.टी. सकाळी जायची, तेव्हा दिवसाचं सगळं माझ्याकडे. त्यांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. बाटली गरम पाण्यात कोमट करायची, दाराच्या वरच्या खिळ्याला टांगायची, खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. पहिल्यांदा सुई एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर काढली, आणि कोतवालाच्या अंगाऐवजी माझ्या लुगड्यालाच सलाईन मिळालं. तिसऱ्या दिवसापासून चुकले नाही. गोळी भाकरीच्या लाडवात. तिखटमिठाचं काही नाही, निवळी तर नाहीच. चुन्याची डबी मी आईकडे परत पाठवून दिली. आणि घंगाळ दिवसभर भरलेलं. सकाळी व्हरांडा ओला दिसला की मी फडकं घेऊन बसायची आणि पुसता पुसता त्याला म्हणायची, "कर, राजा, कर." मला ते पुसणं आवडायला लागलं होतं, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही.

कुसुमताई एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "कुत्र्याले सलाईन! आमच्या इकडं माणसाले बाटली भेटत नाही." मला झोंबलं, कारण ते खरंही होतं. पण त्याच आठवड्यात फाटकाशी सुदामजी उभे राहिले. कुहीजवळच्या गावातले धानाचे शेतकरी, यांचे जुने ओळखीचे. डोक्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा भारा. नुकती धानकापणी झालेली, तणस अजून पिवळंधमक, आणि तो भारा ते एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आले होते.

"डॉक्टरसाहेबाच्या कुत्र्याचं पोट कापलं म्हणते," ते म्हणाले. "थंडीचं फरशीवर झोपून राहिला असंन. याच्यावर झोपवा, बाई. मागच्या साली माह्या बैलाजवळ साहेब दोन दिवस बसून होते. बैल माहा, पण जेवले नाही ते."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झालेली आणि मला ठाऊक नव्हती. मला त्यांच्या शर्टाचा वास तेवढा ठाऊक होता. कुसुमताई कुंपणापाशीच उभ्या होत्या. त्यांनी फाटक उघडून धरलं, म्हणजे भारा आत यावा. संध्याकाळी एक जुनं पोतं पाठवून दिलं, तणसावर घालायला.

नव्या धानाच्या वासात झोपून कोतवाल सुधारत गेला. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन आला आणि फाटकाशी भुंकणं ऐकू आलं. मी पोळी तव्यावर टाकून बाहेर पळाले. लटपटत का होईना, चौकीवर कोतवाल हजर होता. पोस्टमन म्हणाला, "हा तर मेला होता ना, बाई?" त्या दिवशीची पोळी जळाली आणि ती त्यालाच दिली.

अंबिया संपला. हातगाड्यांवर बोरं आली, मग हरभऱ्याचे डहाळे आले. रक्त तपासलं की सर फक्त हुंकार द्यायचे, आणि त्या हुंकारावर आम्ही महिना काढायचो. होळी आली आणि मृगाची संत्री आली, साल जाड आणि आत साखर. कोतवालाला दुसरा बहार मिळाला. पहिल्या संत्र्याची तिसरी फोड त्याची, हे तेव्हापासूनचं.

त्याच दिवसांत मी पेंटरला बोलावलं. जुनी पाटी उतरवली, व्हरांड्यात आडवी ठेवली, आणि काय लिहायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत काढून दिलं: यांचं नाव, आणि खाली 'गुराढोरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर'. त्यानं दोनदा वाचलं. "एवढं सगळं?" म्हणाला. मी म्हटलं, "जागा कमी पडली तर नाव बारीक करा." शेवटचं अक्षर काढून तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात कोतवाल तपासणीला आला. अनोळखी माणूस, अनोळखी वास, त्यानं पाटीला एक चक्कर मारली, आणि निघताना शेपटी ओल्या रंगावरून फिरली. 'डॉक्टर' या शब्दाखाली एक निळा फराटा उमटला. पेंटर हळहळला. मी हसून हसून खाली बसले.

संध्याकाळी हे आले, फाटकाशी थांबले. पाटी वाचली.

"महालातले पाहुणे आले तर काय म्हणतीन?" त्यांनी विचारलं.

"वाचतील," मी म्हटलं.

ते आत गेले आणि बराच वेळ न्हाणीघरात तोंड धूत राहिले.

पुढचा अंबिया सुरू झाला तेव्हा घंगाळ दुपारच्या आत दोनदा रिकामं व्हायला लागलं. सरांना विचारायची गरज नव्हती. जी गाठ सोडून दिली होती तिनं आपलं काम सुरू केलं होतं. कोतवाल फाटकापर्यंत जायचा आणि मध्येच बसायचा. एका सकाळी तो तणसावरून उठलाच नाही. यांनी सुट्टी टाकली. त्याला उन्हात आणलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. यांनी संत्रं सोललं, एकही फोड न फोडता. तिसरी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती चाटली, खाल्ली नाही. मग यांनी सुई दिली. हात अजिबात हलला नाही. सगळं झाल्यावर तो मी धरला. पारिजातकाखाली त्याला ठेवलं, तणसासकट.

अंबिया, मृग आणि पुन्हा अंबियाची सुरुवात. सरांनी सांगितलेल्या मापापेक्षा ते बरंच जास्त होतं. रडू खूप आलं, ते मी लपवत नाही. पण त्या हिवाळ्याची आठवण येते ती मान ताठ करूनच येते. आमच्या हातून चुका झाल्या, आणि मग त्याच हातांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं.

परवा फाटकाला रंग द्यायला एक तरुण पेंटर आला होता. हुडकेश्वरचा, कामाला चोख. फाटक झाल्यावर त्यानं पाटीकडे पाहिलं. "आजी, अक्षरं पुसट झाली, उजळून देतो," म्हणाला, "आणि हा खालचा डाग काढून टाकतो. कोणाचा तरी ब्रश घसरला वाटते."

मी काही बोलायच्या आत व्हरांड्यातून यांचा आवाज आला. कानाला कमी ऐकू येतं, पण हे नेमकं ऐकू आलं.

"अवं, राहू दे म्हण त्याले! पेशंटची सही हाय ते."

पेंटर माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या हातात एक संत्रं ठेवलं आणि अक्षरं तेवढी उजळायला सांगितली.